प्रार्थना सुचत नाही, तेव्हा आशा कुठून आणायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या जरीपटक्याकडच्या एका ताईंनी तो विचारलाय. वय चाळिशीतलं, शाळेत शिकवतात. नवऱ्याला हिवाळ्यात पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणं जवळजवळ बंद झालं. त्यांची खासगी नोकरी होती, पगार थांबला. घराचे हप्ते सुरू आहेत, मुलगी बारावीला आहे, सासूबाई थकलेल्या. ताई लिहितात, "रविवारी चर्चमध्ये उपासनेला जाते, पण गाणं सुरू झालं की तोंडच उघडत नाही. घरी प्रार्थनेला बसले की शब्द येत नाहीत, नुसता कूलरचा आवाज ऐकत राहते. मंडळीतल्या एक बाई म्हणाल्या, 'तुमचाच विश्वास कमी पडून राहिला.' डॉक्टरांनी मला मनोविकारतज्ज्ञाकडे जायला सांगितलंय. गोळ्या घेतल्या तर देवावर भरवसा नाही असं होईल का? आणि सगळे आशा धरा म्हणतात, ती आणायची कुठून?"

ताई, सलाम.

आधी मनोविकारतज्ज्ञांची वेळ घ्या, याच आठवड्यात. माझं उत्तर लांब आहे. उरलेलं तिथून आल्यावर वाचलं तरी बिघडत नाही.

मी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू आहे. चर्चची मंडळी सांभाळता सांभाळता बरीच वर्षं मेडिकल, मेयो या इथल्या सरकारी आणि इतर दवाखान्यांमध्ये रुग्णभेटी करतो. समुपदेशनाचं रीतसर शिक्षण घेतलंय, पण मी डॉक्टर नाही. त्यामुळे जिथे काम त्यांचं आहे तिथे तसं सांगेन.

समोर बसलेल्या माणसाला मी एक प्रश्न सरळ विचारतो, तुम्हालाही विचारतो. सकाळी जागच येऊ नये, आपण नसलेलंच बरं, असं मनात येतं का? असं विचारल्याने तो विचार वाढतो, हा गैरसमज आहे. येत असेल तर एकटीने बाळगू नका, आजच जवळच्या एका माणसाला सांगा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फोन मोफत आहे, रात्रीबेरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. विचार 'कसं करायचं' इथपर्यंत गेला असेल, तर फोनवर थांबू नका. कुणाला तरी सोबत घेऊन थेट मेडिकल किंवा मेयोच्या कॅज्युअल्टीत जा. अशा वेळी पोलिसांची भीती घालणारे भेटतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार, वेगळं काही सिद्ध झाल्याशिवाय, असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरायचं असतं आणि तिच्यावर खटला भरायचा नसतो. तिची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी ठरवली आहे.

आता गोळ्यांचं बोलू. मन उदास, कशातच रस नाही, पहाटे तीनला जाग, भूक गेलेली, सगळा दोष आपलाच असं वाटणं, हे दोन आठवड्यांच्या वर रोज चाललं असेल तर डॉक्टर त्याला आजार म्हणून बघतात. तुमच्या वयात ते थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ सुद्धा तपासून घेतील, कारण थायरॉइड मंदावलं तरी माणूस असाच गळून जातो. गोळ्या सुरू केल्या तर गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्तही. पहिल्या काही दिवसांत मळमळ किंवा बेचैनी होऊ शकते. नेमकी तेव्हाच पुष्कळ माणसं गोळी सोडतात आणि वर म्हणतात, काही उपयोग झाला नाही. बरं वाटायला लागल्यावरही आपल्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टर हळूहळू कमी करतात.

राहिला विश्वासाचा मुद्दा. तुमचे मिस्टर बीपीची गोळी घेतात, कदाचित रक्त पातळ करणारीही घेत असतील. त्यावर मंडळीत कुणी भरवशाचा प्रश्न काढला का? मग मनाच्या गोळीवरच का निघतो? माझं मत विचाराल तर यात विश्वास फार थोडा आणि लाज फार मोठी आहे. आपल्या शहरात प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ पासून आहे. दीडशेहून जास्त वर्षं झाली, तरी त्याचं नाव आपण एकमेकांना चिडवायलाच वापरतो. ती लाज चर्चच्या दारातून आत येते तेव्हा 'विश्वास कमी' असे कपडे घालून येते, एवढंच. बायबलमधल्या प्रेषित पौलाबरोबर फिरणारा लूक वैद्य होता. कलस्सैकरांच्या पत्राच्या शेवटी पौल त्याला 'प्रिय वैद्य' म्हणतो. वैद्यकी सोडून नुसती प्रार्थना कर, असं त्याने लूकला सांगितल्याचं कुठे आढळत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. आशा आणायची कुठून?

बायबलमधलं १ राजे, अध्याय १९ उघडा. एलीया संदेष्टा. आदल्याच अध्यायात कर्मेल डोंगरावर त्याच्या प्रार्थनेने आकाशातून अग्नी उतरलाय, दुष्काळ संपून पाऊस पडलाय. म्हणजे विश्वास कमी असलेला माणूस म्हणून त्याच्याकडे बोट दाखवायची सोयच नाही. ईजबेल राणी त्याला जिवे मारायची धमकी पाठवते आणि हाच माणूस पळत सुटतो. बैर-शेबाला पोचल्यावर आपल्या चाकराला तिथेच सोडतो आणि एकटा रानात एक दिवसाची वाट चालून जातो. ही ओळ पुष्कळांच्या नजरेतून सुटते. माणूस कोलमडायला लागला की सोबतीला उरलेल्या शेवटच्या माणसालाही मागे सोडतो. फोन उचलत नाही, दार उघडत नाही. मग एका झुडपाखाली बसून एलीया देवाला म्हणतो की आता पुरे झालं, माझा जीव घे.

देव यावर काय करतो ते बघा. तो काहीच बोलत नाही. एलीयाला झोप लागते. मग देवदूत त्याला हात लावून उठवतो, उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं ठेवलेलं असतं. एलीया खातो, पितो, पुन्हा आडवा होतो. देवदूत चिडत नाही. दुसऱ्यांदा येतो, पुन्हा हात लावतो आणि म्हणतो की ऊठ, खा, कारण पुढची वाट तुला झेपणारी नाही.

'झेपणारी नाही' हे देवाकडून आलेले शब्द आहेत. "तू खंबीर आहेस, निघेल यातून" असं देवदूत म्हणत नाही. देवाची वाणी त्यानंतर, होरेब डोंगरावर, चाळीस दिवसांनी ऐकू येते. क्रम लक्षात घ्या: झोप, भाकर, पाणी, पुन्हा झोप, मग बोलणं. आपण मंडळीत हा क्रम उलटा करतो. खचलेल्या बाईला आधी वचन देतो, मग उपास करायला लावतो, आणि तिची रात्रीची झोप झाली का हे विचारायचं राहूनच जातं.

म्हणून तुमच्यासाठी पहिली आध्यात्मिक गोष्ट म्हणजे झोप. मी गमतीने म्हणत नाही. झटक्याच्या पेशंटची कूस रात्री दर दोन-तीन तासांनी बदलावी लागते, ते कोण करतं हे मला पत्र वाचूनच कळलं. आठवड्यातल्या दोन रात्री तरी ते दुसऱ्या कुणी करायला हवं. दीर असेल, भाचा असेल, नाही तर मंडळीतला एखादा तरुण. तोवर चेन-उपासात (मंडळीतले लोक पाळीपाळीने धरतात त्या उपासात) नाव देऊ नका. या उन्हात, अशा शरीराने, त्यातून नवीन गोळी सुरू असताना उपाशी राहण्यात मला काही पुण्य दिसत नाही. कुणी विचारलं तर सांगा, पाळकांनी मनाई केली आहे.

आता एक वाक्य, ज्याच्याशी माझं जुनं भांडण आहे: "देव आपल्याला सहन होईल तेवढंच देतो." दवाखान्याच्या प्रत्येक मजल्यावर मी हे ऐकलंय आणि ऐकणाऱ्याचा चेहरा पडतानाही पाहिलाय. हे करिंथकरांस पहिल्या पत्रातल्या १०:१३ वरून घेतात, पण तिथे पौल मोहाविषयी बोलतोय. मोहात पडायची वेळ आली तर देव निभावायचा मार्गही ठेवतो, असं. संकट तुमच्या ताकदीच्या मापाने मोजून येतं, असं तिथे लिहिलेलं नाही. उलट तोच पौल दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात स्वतःचं सांगतो: आसिया प्रांतात आमच्यावर इतकं ओझं आलं की ते शक्तीपलीकडचं होतं, जगण्याची आशाही आम्ही सोडली होती. प्रेषित पौल, आणि जगण्याची आशा सोडलेली. पुढच्या ओळीत तो म्हणतो की हे अशासाठी झालं, की आम्ही स्वतःवर नव्हे तर मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर भरवसा ठेवावा. हे त्याने संकटातून बाहेर आल्यावर स्वतःविषयी लिहिलंय. दुसऱ्याच्या खाटेशी उभं राहून दुसऱ्याला ऐकवलेलं नाही. तुमच्यापुरतं एवढंच घ्या: हे तुमच्या शक्तीपलीकडचं आहे, आणि तसं म्हणायला पवित्र शास्त्राची, म्हणजे बायबलची, हरकत नाही.

तुम्हाला बोलणाऱ्या त्या बाईंविषयी फार लिहीत नाही. संकटात सापडलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर सगळं बरोबर होतं. पुढे तोंड उघडलं आणि घोटाळा केला. आणि कुणी पापाचा किंवा घराण्यावरच्या शापाचा विषय काढलाच तर दोन जागा ठेवा. योहान ९ मध्ये शिष्य जन्मांध माणसाविषयी विचारतात, पाप कुणाचं, याचं की आईबापाचं? येशू म्हणतो, याचंही नाही, आईबापाचंही नाही. लूक १३ मध्ये शिलोहचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, त्यांच्याबद्दलही तो विचारतो की ती यरुशलेमात राहणाऱ्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होती असं तुम्हाला वाटतं काय? आणि स्वतःच नाही म्हणतो. मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी होते किंवा ती फुटते, तेव्हा झटका येतो. बीपी, साखर, तंबाखू ही त्याची नेहमीची कारणं. शाप शोधण्यापेक्षा बीपी मोजा. तुमचंही.

प्रार्थनेत शब्द येत नाहीत म्हणता. न येवोत. रोमकरांस पत्र ८:२६ मध्ये पौल स्वतःला धरून लिहितो की प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही, आणि आत्मा शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. कूलरचा आवाज ऐकत बसलेल्या त्या दहा मिनिटांना मी प्रार्थनाच म्हणतो. तुम्ही बसलात, उठून गेला नाहीत.

पण काही म्हणावंसं वाटलं तर उसने शब्द घ्या, ते शास्त्रात भरपूर आहेत. दीडशे स्तोत्रांपैकी एक तृतीयांशाच्या आसपास विलापाची आणि तक्रारीची आहेत. आपण मात्र रविवारी तेवीस, एकशे एकवीस आणि एकशे तीन याच्या पलीकडे सहसा जात नाही. आनंदाची तेवढी निवडून घेतली, म्हणून रडणाऱ्या माणसाला वाटतं की आपण चुकीच्या जागी आलो. तुम्ही १३ वं स्तोत्र घ्या. सहा ओळी आहेत. पहिल्या दोन ओळींत 'किती वेळ' असं चारदा विचारलंय, आणि जवळजवळ दरडावूनच. मग दोन ओळी मागणं. शेवटच्या दोन ओळींत भरवसा. तुमचं मन आज पहिल्या दोन ओळींपाशीच असेल तर तिथेच थांबा, पुढचं उद्या, नाही तर महिन्याने. आणि कधी तेवढंही जमलं नाही तर ८८ वं वाचा. ते भरवशाच्या ओळीवर संपतच नाही. मित्र, सोबती दूर गेले, आता अंधार, असं म्हणून ते थांबतं. ज्यांनी शास्त्र जपून आपल्यापर्यंत पोचवलं त्यांनी त्याला गोड शेवट जोडला नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

पुढची पायरी म्हणजे स्वतःचं स्तोत्र लिहायचं. शाळेची जुनी वही चालेल. मी लोकांना असं काहीतरी लिहायला लावतो: "प्रभू, हप्ता पाच तारखेला आहे आणि खात्यात पैसे नाहीत. हे रात्री चिडतात, मी पण चिडते, मग दोघं रडतो. तू कुठे आहेस? मला चार तास सलग झोप दे. मुलीच्या पेपरच्या दिवशी घरात शांतता ठेव." शेवटी आमेन लिहावंसं वाटलं तर लिहा. छान भाषा नको, 'हे स्वर्गीय कृपाळू पित्या' नको. कुणाला दाखवायचं नाही. वर्गात फळ्यासमोर उभं असताना घशाशी आलं तर आंधळ्या बार्तीमयाची आरोळी पुरे: येशू, दया कर.

शास्त्र वाचायचं असेल तर बोट ठेवून जे उघडेल ते वचन, असं करू नका. खचलेल्या माणसाला त्यात धमक्याच सापडतात. मार्कचं शुभवर्तमान घ्या. सोळाच अध्याय आहेत, वेगाने जातं. एका वेळी अर्धा अध्याय. उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेपाचला गच्चीवर बसण्यासारखं असतं, सातनंतर नाही. तेवढी पंधरा मिनिटं तुमची.

मार्कचा दुसरा अध्याय लवकरच येईल. चार माणसं एका पक्षाघात झालेल्या माणसाला बाजेसकट उचलून आणतात, गर्दीमुळे दारातून शिरता येत नाही, म्हणून छप्पर उसकटून त्याला खाली सोडतात. आपण हा उतारा पेशंटसाठी वाचतो. तुम्ही तो स्वतःसाठी वाचा. मार्क लिहितो की येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला, म्हणजे त्या वाहून आणणाऱ्यांचा. बाजेवरच्या माणसाचा विश्वास किती होता, हे कुणी विचारलंच नाही. मला या विषयात सांगायचं मुख्य असेल तर हेच. ख्रिस्ती विश्वासात आशा एकट्या माणसाने आपल्या छातीत तयार करून दाखवायची नसते. ज्याच्याने होत नाही त्याच्या वाटची ती मंडळीने धरायची असते. रविवारी तुम्ही गप्प उभ्या असता तेव्हा शेजारची माणसं गातात ना, त्यात तुमचंही गाणं झालं. पुढे कधी दुसरं कुणी गप्प उभं असेल आणि तुम्ही गाल.

पण मंडळीला मनातलं ओळखता येत नाही, हे माझ्या अनुभवावरून सांगतो. "प्रार्थनेत आठवण ठेवा" म्हटलं की लोक हो म्हणतात आणि घरी जातात. मदत मागताना दिवस आणि काम सांगा. "मंगळवारी संध्याकाळी पाच ते सात यांच्याजवळ कुणीतरी बसा, मला बँकेत जायचंय." "शनिवारी फिजिओथेरपीला न्यायला गाडी हवी." "परीक्षेच्या आठवड्यात रात्रीचा डबा." महिला मंडळाच्या सेक्रेटरीला असं कागदावर लिहून द्या. असं ठराविक काम मागितलं की लोक येतात, कारण पुष्कळांना मदत करायची असते पण काय करावं ते कळत नाही. गलतीकरांच्या पत्रात 'एकमेकांची ओझी वाहा' लिहिलंय, ती वाहायला ओझ्याला कडी तर हवी.

यात एक सावधगिरी. तुमच्या गोळ्यांची किंवा मनःस्थितीची गोष्ट व्यासपीठावरून किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रार्थनाविषय म्हणून जाऊ देऊ नका, तुमची इच्छा असल्याशिवाय. पाळकांना तसं स्पष्ट सांगा. पाळकांनी ते पाळलं नाही तर पुढच्या वेळी कमी सांगा.

दुसरी सावधगिरी आरोग्यसभांची, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या सभांची. याकोबाच्या पत्रात मंडळीच्या वडिलांना (ज्येष्ठ पुढाऱ्यांना) बोलवावं, तेल लावून प्रार्थना करावी असं लिहिलंय आणि मी ते आनंदाने करतो, तुमच्या घरीही येईन. पण कुणी सांगितलं की आता गोळ्या बंद करा, विश्वासाने चाला, तर तिथून उठा. झटका येऊन गेलेल्या माणसाने बीपीची किंवा रक्त पातळ करणारी गोळी मध्येच सोडली तर दुसरा झटका येऊ शकतो. 'बियाणं म्हणून इतकी रक्कम पेरा, शंभरपट मिळेल' असं म्हणणाऱ्यापासूनही लांब राहा. तुमच्या हप्त्याचे पैसे आहेत ते.

पैशाचं दोन ओळींत उरकतो. दवाखान्याचा मोठा खर्च पुन्हा आला तर आधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ते रुग्णालय आणि तो उपचार बसतो का ते विचारा. आता त्यात कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. मिस्टरांचं अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त भरलं तर दिव्यांग प्रमाणपत्र काढून ठेवा, पुढे बऱ्याच ठिकाणी लागतं. बँकेत हप्ता चुकायच्या आधी जाऊन लेखी अर्ज द्या. सावकाराकडे जाऊ नका. मंडळीत मदतनिधी असतो, तो मागायला संकोच करू नका, तो यासाठीच आहे.

आता आशेचं उरलेलं बोलतो, कारण इथवर मी झोप आणि डबे यांवरच बोललो आणि तुम्ही म्हणाल, पाळकसाहेब, एवढं तर शेजारीणही सांगते.

यिर्मया २९:११ तुमच्या घरात कुठेतरी फ्रेममध्ये असेल. तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, भावी सुस्थितीची आशा देणारे आहेत. हे वचन एका पत्रातलं आहे. बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेलेल्या यहूदी लोकांना ते पत्र गेलं, आणि त्याच्या एकच ओळ आधी सत्तर वर्षांचा आकडा आहे. म्हणजे ज्या मोठ्या माणसांनी ते ऐकलं त्यांतली बहुतेक परत येणार नव्हती. आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा उभा राहून सांगतो की दोन वर्षांत सगळं परत मिळेल. लोकांना नक्कीच तोच आवडला असणार. पण खोटा तो ठरला. यिर्मया सांगतो की तिथेच घरं बांधा, बागा लावा, फळं खा, मुलाबाळांची लग्नं करा. खोट्या आशेची मला जी खूण सापडली ती हीच, की ती तारीख देते. ईस्टरपर्यंत हात हलेल, असं तुम्हाला कुणी म्हणालं असेल तर तो हनन्या समजा. हात हलेलही. झटक्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत सुधारणा सगळ्यात जास्त होते, म्हणून फिजिओथेरपी चुकवू नका. नंतरही हळूहळू होऊ शकते. पण किती होईल हे मला माहीत नाही, तुमच्या डॉक्टरांनाही नक्की सांगता येणार नाही, आणि आपला विश्वास त्या हातावर टांगून ठेवलेला नाही.

मग तो कशावर आहे? लूक २४ मध्ये येशूला पुरल्यानंतर त्याचे दोघं शिष्य अम्माऊस गावाची वाट चालताहेत, आणि सोबत आलेल्या अनोळखी माणसाला म्हणतात की आमची आशा होती. होती, म्हणजे संपली. ते हे ज्याला सांगताहेत तो जिवंत होऊन त्यांच्या शेजारून चालतोय, आणि त्यांना ते कळत नाही. तो त्यांना थांबवून आधी विश्वास ठेवायला सांगत नाही. ऐकून घेतो, शास्त्र उलगडतो, घरी येतो, भाकर मोडतो. ख्रिस्ती माणसाची आशा या एका घटनेवर उभी आहे, की ज्याला पुरलं तो उठला. आपली मनःस्थिती चांगली असली तरी ती घडलेली आहे, वाईट असली तरी घडलेली आहे. आणि उठलेल्या ख्रिस्ताच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच होते, थोमाला त्याने तेच दाखवले. म्हणजे तुमचं हे वर्ष पुसलं जाईल, असं वचन मी देऊ शकत नाही. ते शेवटचं नसेल, एवढं देऊ शकतो.

आपल्याच शहरातलं एक सांगतो. स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडहून आले, नागपुरात शाळा काढली, दगड-खडकांचाही अभ्यास केला. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची जुनी शिळावर्तुळं बघून परतताना रात्री पूर आलेल्या नदीत ते बुडाले. त्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ मध्ये सुरू झालं, वीस वर्षांनी. कॉलेज व्हावं म्हणून देवाने त्यांना बुडवलं, असं कुणी म्हटलं तर मी ते मानणार नाही. मृत्यू वाईटच होता. पण त्यांच्या हातून सुटलेलं काम दुसऱ्या हातांनी उचललं. तुम्हाला सगळं एकटीने पार पाडायचंय, मुलीचं शिक्षण, सासूबाई, घर, असं जे वाटत राहतं, त्यावर मला हे आठवतं.

एलीयाचीही तीच तक्रार होती, मी एकटाच उरलोय. होरेबावर तो ती दोनदा, शब्दही न बदलता, म्हणतो. देव त्याला रागावत नाही. सांगतो की सात हजार अजून आहेत, आणि अलीशा नावाचा जोडीदार देतो.

मुलीला खरं सांगा, तिला सगळं कळतंच आहे. "आई डॉक्टरकडे जाते आहे, बरी होईन" एवढं पुरे. घरातल्या प्रार्थनेची जबाबदारी तिच्यावर टाकू नका, तिच्या पेपरांचं तिला पुष्कळ आहे.

आणि मिस्टरांचं. त्यांची चिडचिड आणि अचानक रडणं हे नुसतं स्वभावाचं नसेल. झटका आलेल्या साधारण तिघांपैकी एकाला पुढे डिप्रेशन येतं, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनाही हे सांगा. दुसरं असं, की उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं, म्हणजे इजा बहुधा मेंदूच्या डाव्या भागाला आहे. अशा पेशंटना 'पाणी दे' म्हणता येत नाही, पण पाठ असलेलं गाणं किंवा लहानपणापासून म्हटलेली प्रार्थना कधीकधी सुरात निघते, कारण गाण्याचं आणि तोंडपाठ असलेल्याचं काम मेंदू वेगळ्या वाटेने करतो. वॉर्डात मी हे पाहिलंय आणि स्पीच थेरपिस्ट त्याचा उपयोगही करतात. तेव्हा रात्री झोपताना तुम्हाला काही सुचत नसेल तर प्रभूची प्रार्थना सुरू करा, 'हे आमच्या स्वर्गातील पित्या', सावकाश, त्यांच्या डोळ्यांसमोर तोंड ठेवून, आणि त्यांना जेवढं येईल तेवढं म्हणू द्या. चुकलं तर दुरुस्त करू नका. ते म्हणाले तर दुसऱ्या दिवशी थेरपिस्टना सांगा, कुठला शब्द आला, कुठे अडकला. मंडळीत लगेच साक्ष देऊ नका, म्हणजे देवाने हे केलं असं सगळ्यांसमोर सांगू नका. आणि एखाद्या रात्री तुम्हाला म्हणवलं नाही, तर सासूबाईंना म्हणायला सांगा, त्यांना सगळी पाठ असेल.